छोटी दुरुस्ती

बेंगळुरात राजाजीनगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी परवा पुन्हा अवरेकाईचे ढीग लागले. आपल्याकडच्या पावट्याचीच ही इथली जात. शेंग जाड, हिरवीगार, आणि अंगाला एक तेलकट, उग्र वास. इथली माणसं त्या वासाला सोगडू म्हणतात आणि त्याच्यावर जीव टाकतात. दव जितकं जास्त पडेल तितका सोगडू जास्त, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यातल्या सकाळी शेंगा विकणाऱ्या बायका मूठभर शेंगा उचलून गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरतात. वास पटला की पिशवी उघडायची.

माझ्या नाकाशी कुणी शेंगा धरल्या नाहीत, तरी वास आलाच. हातातली दुधाची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने घरी आले.

वरच्या मजल्यावर सरोजक्का राहतात. तीन पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर. त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता येणार नाही. गॅलरीतून त्यांनी मला पाहिलं.

"हेमा, यंदा स्वल्प लवकरच आल्या बघ शेंगा. दोन किलो घेऊन ठेवू काय तुला?"

"नको अक्का. मी सांगते नंतर."

"काय गं, मागच्या वर्षी तर ताटभर खाल्लीस की."

मी हसले आणि कुलूप काढलं. मागच्या वर्षी ताटभर खाल्ल्या हे खरं होतं. त्या दिवशीच तर सगळं झालं.

माझं काम काय, हे सांगायला मला नेहमी अवघड जातं. पंचवीस वर्षं मी सूचना लिहीत आले. आधी घरगुती उपकरणांच्या पुस्तिकांचा मराठी अनुवाद करायचे. मिक्सरचे भांडे घट्ट बसवावे. ओल्या हाताने बटण दाबू नये. त्या पुस्तिका कुणी वाचत नसे, हे मला ठाऊक होतं आणि त्याची एक निश्चिंती होती. माझ्या वाक्यात चूक राहिली तरी लोक आपल्या अकलेने मिक्सर चालवत.

तीन वर्षांपूर्वी एचएसआर लेआउटमधल्या एका लहान कंपनीत लागले तेव्हा वाचणारा बदलला. ही कंपनी फोनवर बोलणारे एआय एजंट बनवते. एजंट म्हणजे माणसाच्या आवाजात बोलणारी, समोरच्याचं ऐकून उत्तर देणारी आणि त्याप्रमाणे पुढचं काम स्वतःच करून टाकणारी प्रणाली. कसं बोलायचं, काय विचारायचं, कुठे थांबायचं, हे तिला साध्या भाषेत लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला आमच्यात प्रॉम्प्ट म्हणतात. मी मराठी प्रॉम्प्ट लिहिते आणि सांभाळते. हा वाचक प्रत्येक अक्षर वाचतो. वाचतो आणि तसंच करतो. पहिले काही महिने मला या गोष्टीचा केवढा आनंद झाला होता!

आमचा मराठी एजंट सीमाभागातल्या चार-पाच गावांतल्या डायलिसिस केंद्रांसाठी काम करत होता. ज्यांची मूत्रपिंडं चालत नाहीत त्यांचं रक्त आठवड्यातून दोनतीनदा यंत्रावर शुद्ध करून घ्यावं लागतं. एक पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, छातीत उतरतं, श्वास कोंडतो. यंत्रं थोडी, माणसं जास्त. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन जायचा: "नमस्कार. मी केंद्राची संगणकावरून बोलणारी सहायिका. उद्या सकाळी सात वाजता तुमची पाळी आहे. येणार ना?" हो म्हटलं की नोंद पक्की. नाही म्हटलं की ती जागा रांगेतल्या दुसऱ्या कुणाला.

सुरुवातीला ही सूचनांची फाईल दोन पानांची होती. मग एकेक अनुभव येत गेला आणि एकेक ओळ वाढत गेली. रुग्णाला एकेरी संबोधू नये. वेळ सांगताना सावकाश सांगावी. रुग्ण खोकत असेल तर खोकला थांबेपर्यंत बोलू नये. फोन लहान मुलाने उचलला तर घरात मोठं कोण आहे ते विचारावे. कधी मी लिहायचे, कधी आमची दानेश्वरी, कधी पुण्याचा निखिल. निखिल आमच्या गटाचा प्रमुख, तिशीतला, वाक्य मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवणारा. दानेश्वरी चिक्कोडीकडची, घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि दोन्हींत सारखीच तिखट. एजंटचं बोलणं ऐकून चुका काढायचं काम तिचं.

मागच्या हिवाळ्यात फाईल अकरा पानांवर गेली आणि एजंट अडखळायला लागला. एकच प्रश्न दोनदा विचारायचा. मधेच गप्प राहायचा. केंद्रातल्या सिस्टरांच्या तक्रारी आल्या.

"हेमाताई, फाईल फार हेवी झालीय," निखिल म्हणाला. "तो कन्फ्यूज होतोय. निम्मी करा ना. रिपीट झालेलं सगळं उडवा."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं.

तो दिवस मी घरूनच काम केलं. थंडी होती, खिडकीतून ऊन थेट जेवणाच्या टेबलावर पडलं होतं. सरोजक्का भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं घेऊन खाली आल्या. भिजलेला दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन उडते, डाळिंब्या सोलल्यासारखंच. त्या सोलत होत्या, मीही मधूनमधून चार दाणे सोलत होते आणि ओल्या बोटांनी ओळी उडवत होते. कामात इतकी तंद्री मला फार दिवसांत लागली नव्हती. एकाच अर्थाच्या तीन ओळींची एक होत होती. अकरा पानांची सात झाली, सातांची पाच.

मधेच दानेश्वरीचा निरोप आला. "अक्का, ही 'बघू'ची ओळ पण काढलासा काय?"

ती ओळ अशी होती: रुग्ण 'बघू' म्हणाला तर तो होकार समजू नये आणि नकारही समजू नये, पुन्हा एकदा विचारावे, तरीही 'बघू' म्हणाला तर केंद्रातील सिस्टरांकडे फोन द्यावा.

मी लिहिलं, "वर आहे ना, उत्तर स्पष्ट नसेल तर पुन्हा विचारावे. त्यात आलंच हे."

"सरी," म्हणजे बरं, असं तिने लिहिलं.

नमुन्याचे फोन लावून पाहिले. सगळे नीट गेले. संध्याकाळी निखिलने संमती दिली. प्रत्येक बदलासोबत तो कशासाठी केला याची एक ओळ टाकावी लागते, तिथे मी लिहिलं, "छोटी दुरुस्ती." मग सरोजक्कांनी केलेली ती घट्ट, नारळाची आमटी भातावर घेऊन ताटभर जेवले. बोटांना सोगडू दोन दिवस चिकटून होता.

पाचव्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचले तर निखिल माझ्या खुर्चीशी उभा होता. हातात चहा नाही, कानात काही नाही. नुसता उभा.

"हेमाताई, एक पेशंट ॲडमिट आहे," तो म्हणाला. "सिस्टरांचा फोन होता. परवा त्यांची पाळी होती. ते गेले, तर जागा दुसऱ्याला दिलेली. सिस्टम म्हणतेय त्यांनी कॅन्सल केलं. ते म्हणतात, मी नाही केलं."

"मग?"

"सगळी यंत्रं भरलेली होती. दोन दिवसांनी या म्हणाले. ते परत गेले घरी. काल दुपारी श्वास लागला."

रुग्णाचं खरं नाव मी सांगणार नाही, महादेवराव म्हणते. वय सत्तरीच्या पुढे. बसचालक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. घरात बायको आणि लेक. त्यांच्या फोनचं ध्वनिमुद्रण मी कानाला लावलं. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"उद्या सकाळी सात वाजता तुमची पाळी आहे. येणार ना?"

"बघू की."

"ठीक आहे. तुमची उद्याची वेळ मोकळी करते. नव्या वेळेसाठी कृपया केंद्राशी बोला."

"हां हां. ठेवू काय?"

"धन्यवाद. काळजी घ्या."

सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं बोलणं. मी ते किती वेळा ऐकलं ते आठवत नाही. एजंटने पुन्हा विचारलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी उत्तर स्पष्ट होतं. एजंट ज्या लिखाणावरून मराठी शिकलेला असतो त्यात कितीतरी ठिकाणी 'बघू' म्हणजे सभ्य नकार असतो. लग्नाच्या स्थळाला, उसन्या मागितलेल्या पुस्तकाला, घरी या म्हणणाऱ्या माणसाला आपण बघू म्हणतो आणि दोघांनाही कळतं. एजंट मराठीत चुकला नव्हता. फारच शिकलेलं मराठी वापरून बसला होता.

जुनी फाईल परत जागेवर आणायला एक मिनिट लागलं. एक कळ दाबायची, खात्री करायची, झालं. त्या एका मिनिटानंतर मी कळफलकावर हात ठेवून बसले. परत आणता येण्यासारखं जे होतं ते आणून झालं होतं. आणि तो माणूस जिल्ह्याच्या गावी कुठल्यातरी खाटेवर नाकाला नळी लावून पडला होता.

मग मी एक गोष्ट केली, ती चीड म्हणून की आधार म्हणून, मला सांगता येत नाही. ती बघूची ओळ मुळात कुणी लिहिली ते शोधलं. ज्याने लिहिली त्याने तिच्याबद्दल दोन शब्द तरी लिहून ठेवायचे ना! प्रत्येक ओळीचा इतिहास फाईलमागे असतो. मागे मागे जात वर्षापूर्वीच्या जानेवारीत पोचले. तिथे ओळ लिहिणारीचं नाव होतं. माझं. आणि कारणाच्या जागी दोन शब्द: "छोटी दुरुस्ती."

मला काही आठवत नव्हतं. खरंच काही नाही. आपल्याच हाताचं अक्षर अनोळखी वाटावं तसं झालं, आणि इथे तर अक्षरही नव्हतं, सगळ्यांची सारखीच छापील ओळ.

"अक्का," दानेश्वरी शेजारी येऊन बसली. "तुम्हाला खरंच आठवत नाही? आपण डबा खात होतो खाली. मी सांगत होते, आमच्यात दवाखान्यातनं निघताना 'येतो' म्हणत नाहीत. तर तुम्ही म्हणालासा, माझे बाबा पण. आणि अर्धा डबा तसाच ठेवून वर गेलासा लिहायला."

तेव्हा आठवलं. साताऱ्याला बाबांना दर मंगळवारी दम्याच्या इंजेक्शनसाठी न्यावं लागे. बाबा इतर कुठूनही निघताना 'येतो' म्हणत. दवाखान्याच्या दारात मात्र नुसते हात जोडत. कंपाउंडर म्हणायचे, "काका, मंगळवारी या बरं का." बाबा म्हणत, "बघू." पुन्हा यायचं आहे असं तोंडाने म्हटलं की दुखणं ऐकतं, अशी काहीतरी त्यांची समजूत. एकही मंगळवार त्यांनी चुकवला नाही. पावसात, सायकल पंक्चर असताना, एकदा तर अंगात ताप असताना गेले.

एवढं मला माहीत होतं. माझ्या घरातलं होतं. आणि मी ते उडवून टाकलं, कारण ओळीत नियम होता आणि नियमामागे बाबा होते हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कारण निघून गेलं की नियम अडगळीसारखा दिसतो. आवरायला बसलेला माणूस पहिला हात तिथेच घालतो.

पण त्या दिवसांत असं काही सुचत नव्हतं. एकच विचार होता: महादेवराव एकटेच असतील कशावरून?

चार दिवसांतले, एजंटने जागा मोकळी केलेले सगळे फोन आम्ही बाजूला काढले. खालच्या मजल्यावरच्या लहान खोलीत मी आणि दानेश्वरी ते ऐकायला बसलो. काचेबाहेर उन्हात एचएसआरचा रस्ता, त्यावर कॉफीचे कप घेऊन रेंगाळणारी पोरं, आणि माझ्या कानात सीमेवरच्या गावांतली घरं. एक बाई म्हणत होती, "बघू, मुलगा सोडतो म्हणालाय." तिचा बघू मुलावर अवलंबून होता. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "बघू हं, देवाच्या मनात असलं तर," आणि त्या आवाजात इतका ठामपणा होता की एखाद्याने बोर्डाच्या परीक्षेला जाताना तसं म्हणावं. एका तरुण माणसाने दोन अक्षरं अशी टाकली की तो खरोखरच कंटाळला होता, त्याला यायचं नव्हतं. आणि एका आजोबांनी तर एजंटला उत्तरच दिलं नव्हतं. "बघू, चष्मा दे इकडं," असं ते घरात कुणालातरी म्हणाले होते. त्यांची पाळी चष्म्यापायी गेली होती.

दानेश्वरी हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

केंद्रातल्या सिस्टरांना आम्ही यादी दिली. त्यांनी एकेकाला फोन केले. आमच्याकडे निरोप येत गेले. शिक्षिकाबाई वेळ नसताना गेल्या आणि भांडून यंत्र मिळवलं. चष्म्याच्या आजोबांना संध्याकाळची पाळी मिळाली. कंटाळलेल्या तरुणाला त्याच्या बहिणीने ओढत नेलं. एकेका नावापुढे खूण होत गेली. शेवटी एक नाव राहिलं, मुलावर अवलंबून असलेल्या बाईंचं. फोन बंद.

दुपारी लावला, बंद. चारला लावला, बंद. सिस्टर म्हणाल्या, त्यांचं घर गावाबाहेर आहे, उद्या कुणाला तरी पाठवते. मी घरी आले. सरोजक्कांनी दारात हटकलं, "काय गं, तोंड असं का?" मी सांगितलं. त्यांना प्रॉम्प्टमधलं अक्षर कळत नाही, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आमचे अण्णा पण असंच म्हणायचे. नोडोण, नोडोण. म्हणजे बघू, बघू. आणि आधी जाऊन बसायचे." कन्नडमध्येही तेच आहे हे मला त्या दिवशी कळलं. आणि आमचा कन्नड एजंटही होता. त्याची फाईल कोण सांभाळतं, त्यातून कुणी काही आवरलंय का? निखिलला लगेच फोन लावला. तो म्हणाला, "बघितलं मी. त्या फाईलला अजून कुणी हात लावलेला नाहीये, हेमाताई. मी पण तेच तपासत बसलोय."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाईंचा पत्ता लागला. त्यांचा फोन पाण्याच्या पिंपात पडला होता. मुलाने मोटारसायकलवरून त्यांना वेळेवर केंद्रात सोडलं होतं. तिथल्या दुसऱ्याच एका सिस्टरांनी ओळखीने पाळी दिली होती, नोंद करायची राहिली होती. मी यादीवर शेवटची खूण केली. आनंद झाला नाही.

महादेवरावांची बातमी मात्र येत नव्हती. येत होती ती अशी: आज डायलिसिस केलं. ऑक्सिजन चालू आहे. बोलत नाहीत. मग: ऑक्सिजन चालू आहे, पण चहा मागितला. त्या चहाच्या निरोपावर मी एक अख्खी दुपार काढली.

मला त्यांच्या घरी फोन करायचा होता. निखिल म्हणाला, आपण थेट नाही करायचा, केंद्रच बोलेल. मी म्हटलं, केंद्र काय बोलेल? यंत्रात बिघाड होता म्हणून? बिघाड नव्हता रे. मी एक ओळ काढली, तू संमती दिलीस. तो खुर्ची ओढून शेजारी बसला. मग म्हणाला, "लिहा तुम्ही. जसं झालं तसं. खाली दोघांची नावं घालू." मी साध्या मराठीत एक पान लिहिलं. काय काढलं, का काढलं, काय झालं, आता काय केलंय. इतकं अवघड पान मी आजवर लिहिलं नव्हतं, आणि त्यात एकही 'यावे', 'करावे' नव्हतं. सिस्टरांनी ते पान महादेवरावांच्या लेकीला वाचून दाखवलं.

सातव्या दिवशी ते घरी गेले.

त्यानंतर आम्ही फाईल दोन ठिकाणी केली. एक एजंटने वाचायची, आटोपशीर. दुसरी आम्ही वाचायची. तिच्यात प्रत्येक ओळीपुढे ती का आहे ते लिहिलेलं. कुणाच्या कुठल्या फोनवरून आली, कुणाच्या घरातली सवय. कुठलीही ओळ काढायची तर आधी तिचं कारण मोठ्याने वाचायचं आणि दोघांनी हो म्हणायचं. नवीन येणाऱ्यांना हे फार संथ वाटतं. वाटू दे. बघूच्या ओळीपुढे मी बाबांबद्दल चार वाक्यं लिहिली आहेत. कंपनीच्या कागदपत्रांत माझे वडील सायकलवरून दवाखान्यात जातात.

तरी भीती गेली नाही. आजही एखादी ओळ निवडून पुसायची कळ दाबताना बोट अधांतरी राहतं. लहान बदल जास्त भिववतात. मोठ्या बदलाकडे दहा जण बघतात. लहान बदल एकट्यानेच होतो, चांगल्या मनाने, खिडकीतून ऊन येत असताना. आणि त्याचं पाच दिवसांनी काय होणार ते त्या उन्हात दिसत नाही. मी आता नमुन्याच्या फोनांवर विसंबत नाही. रोज सकाळी पहिला अर्धा तास खरे फोन ऐकते. माणसं काय म्हणतात आणि काय म्हणायचं टाळतात, ते. कधीकधी वाटतं, पंचवीस वर्षं सूचना लिहिल्या, ऐकायला आत्ता कुठे शिकते आहे. आणि ते शिकवायला एका माणसाला खाटेवर पडावं लागलं, हा विचार आला की शिकल्याचा आनंद तिथेच थांबतो.

महादेवराव घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी सिस्टरांचा फोन आला. तोवर केंद्राने आमचे फोन बंद ठेवले होते. सिस्टरच सगळ्यांना हाताने नंबर लावून विचारत होत्या. त्या म्हणाल्या, "ते काका रोज विचारतायत. तुमच्यापैकी कुणाशी तरी बोलायचंय म्हणतात. करता काय?"

दुपारची दोनची वेळ. मी ऑफिसच्या गच्चीवर गेले. काय बोलायचं त्याची मनात दहा वाक्यं जुळवली होती, पहिल्या रिंगलाच सगळी विस्कटली. लेकीने उचलला. "थांबा, बाबांना देते," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. थकवा होता.

"हॅलो? कोण बोलतायसा?"

"मी हेमा. बेंगळुराहून. तुम्हाला फोन जायचा ना, त्या कंपनीतून."

"हां हां. बरं झालं केलासा. एक विचारायचं होतं. ती आधी फोन करायची ती पोरगी कुठं गेली?"

"कुठली पोरगी?" मी विचारलं.

"आता सिस्टर करतात फोन," ते म्हणाले. "ती पोरगी करत न्हाई. माझ्यापायी तिला काढलं काय कामावरनं? तिची काय चूक न्हाई हो. मला कानानं कमी ऐकू येतंय. ती काय म्हणाली ते मला कळलंच नव्हतं. मी आपलं हां हां म्हटलं. चांगलं बोलायची पोरगी. खोकला आला तर थांबायची."

खोकल्याची ओळ. तीही माझीच होती, आणि पाच पानांत ती राहिली होती.

"महादेवराव," मी म्हटलं, "ती पोरगी नाही. ती सुरुवातीला सांगते ना, संगणकावरून बोलते म्हणून. ते यंत्र आहे."

"व्हय, संगणकावर कामाला असतात की पोरी."

"नाही. म्हणजे खरंच कुणी मुलगी नाही तिथे. काय बोलायचं ते तिला मी लिहून देते. कधी थांबायचं, कधी पुन्हा विचारायचं, सगळं. त्यातली एक ओळ मी काढून टाकली. चुकून नाही, विचार करून काढली. म्हणून तुमची पाळी गेली. चूक माझी आहे. मला माफ करा."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं. मी कठडा घट्ट धरून उभी होते. आता ते चिडतील, चिडावंच त्यांनी, असं वाटत होतं.

"म्हणजे तुम्हीच म्हणा की ती," ते शेवटी म्हणाले.

"हो. तसंच."

"मग तुम्हाला ठेवलंय न्हवं कामावर?"

"ठेवलंय," मी म्हटलं.

त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण आवाज एकदम मोठा आणि दुरून आला. ते घरात कुणालातरी ओरडून सांगत होते, "ठेवलंय गं तिला कामावर!"